बंड कुणाचे, नाव कुणाचे?

सीपीआर रुग्णालयाजवळच्या चिमासाहेब चौकातून आमच्या शाळेची कितीतरी मुले रोज ये-जा करतात. आठवीला १८५७ शिकवत होते, तेव्हा एकाने विचारले, "टीचर, ये चिमासाहेब लडे थे क्या?"

हो किंवा नाही इतके सोपे उत्तर नाही. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात उठली ती २७ वी मुंबई देशी पायदळ पलटण. पुढे होता रामजी शिरसाट. खजिना लुटून शिपाई शहराकडे आले तर दरवाजे बंद. ६ डिसेंबरला शहरातल्याच बंडवाल्यांनी वेशी लावून घेतल्या. ले ग्रँड जेकबने दरवाजा उडवला आणि पकडलेल्या कित्येकांना तिथल्या तिथे ठार केले. संशय गेला राजाचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर. त्यांची रवानगी कराचीला झाली.

दिल्लीतही हेच घडले होते. ११ मे १८५७ ला मीरतचे शिपाई लाल किल्ल्यात शिरले आणि ऐंशी ओलांडलेल्या बहादूरशहा जफरला बादशहा म्हणून पुढे केले. शिपायांना एक नाव हवे होते. इंग्रजांनाही तेच हवे होते. हजारो शेतकरी-शिपायांची तक्रार ऐकण्यापेक्षा एका म्हाताऱ्यावर खटला चालवणे सोयीचे. जफर १८६२ मध्ये रंगूनला कैदेत गेले.

त्याआधी, १८४४ मध्ये, सामानगड आणि भुदरगडचे गडकरी उठले ते वंशपरंपरागत जमिनी सरकारी अंमलाखाली गेल्या म्हणून. राजा अल्पवयीन, कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांकडे. तिथे तक्रार गडकऱ्यांची आणि बोलणारेही गडकरीच होते. म्हणूनच की काय, त्यांच्या नावाचा चौक मला तरी शहरात दिसला नाही!

दूर मेक्सिकोत १ जानेवारी १९९४ ला चियापासचे आदिवासी उठले. जगाने ओळखला तो मार्कोस. तोंडावर बुरखा, हातात पाइप, आणि स्वतः आदिवासी नाही. तो स्वतःला 'उपकमांडर' म्हणवून घेई, कारण कमांडर आदिवासी होते. पत्रकारांनी मात्र 'उप' कधी मनावर घेतले नाही. अखेर मे २०१४ मध्ये त्यानेच जाहीर केले की, मार्कोस आता उरला नाही. जफरला किंवा चिमासाहेबांना अशी मुभा कुठली?

हे मला जवळचे वाटते त्याला कारण आहे. कुठे काही घडले की प्रशिक्षणवर्गात कुणीतरी माझ्याकडे वळून विचारते, "तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?" मी भूगोल-इतिहास शिकवणारी बाई. मला कुणी निवडले? गप्प राहावे तर तोही जबाब धरला जातो.

चिमासाहेब १८६९ मध्ये कराचीतच वारले. दुसऱ्या दिवशी मी मुलांना दोन प्रश्न घरी दिले. चौकाला हे नाव का? आणि शिरसाटच्या पलटणीला काय हवे होते? पहिल्याचे उत्तर सगळ्यांनी आणले. दुसऱ्यासाठी मुले पाठ्यपुस्तकाची पाने उलटत बसली होती.