एका वाराचा हिशेब

इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या, ही तक्रार शाळामास्तराच्या पेशांत मीं जन्मभर ऐकली. तींत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु सनावळी पाठ करणें निराळें आणि ती पडताळून पाहणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीविषयीं आज श्रोत्यांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि आरंभ माझ्याच एका चुकीनें करावयाचा आहे.

एका चांचणी परीक्षेंत शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचा दिवस मीं विचारला होता. एका मुलानें लिहिलें, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शुक्रवार. माझ्या टिपणांत ६ जून १६७४, शनिवार असें होतें. मीं शुक्रवारावर तांबडी रेघ ओढली व एक गुण कापला. "गुरुजी, आजोबांनीं शुक्रवारच सांगितला आहे," असें तो चांचरत म्हणाला. मीं त्याला खालीं बसविलें.

आतां तो शनिवार आला कोठून, तें पाहूं. शिवकालाचीं साधनें एका मापानें काळ मोजीत नाहींत. मराठी कागदांत शक व तिथि असते, किंवा मृग नक्षत्रीं पालटणारा शुहूर सन असतो. दरबारी फारसी कागदांत हिजरी सन असतो. इंग्रज व पोर्तुगीज दोघेही ख्रिस्ती, पण त्यांच्याही तारखा जुळत नाहींत. पोप तेरावा ग्रेगरी यानें १५८२ सालीं पंचांगांतील दहा दिवस गाळले. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. पोर्तुगालनें ही सुधारणा लगेच स्वीकारली. इंग्लंडनें १७५२ सालापर्यंत नाकारली. म्हणून ज्या दिवशीं मुंबईचा इंग्रज ६ जून लिही, त्याच दिवशीं गोव्याचा पोर्तुगीज १६ जून लिही. शिवाय त्या काळीं इंग्रजांचें कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदले. त्यामुळें आपण जो फेब्रुवारी १६३० म्हणतों, तो त्यांच्या दप्तरीं १६२९ मध्येंच पडे.

या सर्व गोंधळांत एकच गोष्ट अखंड राहिली, ती म्हणजे वार. इंग्लंडनें १७५२ सालीं अकरा दिवस गाळले तेव्हां बुधवार २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला, पण तो गुरुवारच होता. यास्तव वार ही तारखेची कसोटी होय.

ही कसोटी लावण्याची रीत सोपी आहे. दोन दिवसांमधील दिवस मोजावे आणि सातांनीं भागावे. आपल्या ज्योतिष्यांचा अहर्गण म्हणजे हीच दिवसांची रास. ती कलियुगारंभापासून मोजली तर आंकडा अवजड होतो. म्हणून नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ च्या ग्रहलाघवांत अकरा वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, चक्र योजून तो हलका केला. युरोपांत स्कॅलिजर यानें १५८३ सालीं इ. स. पूर्व ४७१३ पासून एक दीर्घ कालचक्र कल्पिलें. पुढें ज्योतिर्विदांनीं त्याच आरंभापासून एकेक दिवस मोजण्याची वहिवाट पाडली, ती आजही चालू आहे.

श्रोत्यांनीं कागद घ्यावा. लोकमान्य टिळकांनीं पुढें आणलेल्या जेधे शकावलींत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा आहे. जुन्या गणनेनें ही १९ फेब्रुवारी १६३०. नव्या गणनेनें १ मार्च. निधन ३ एप्रिल १६८० चें, तेंही जुन्या गणनेनें. पन्नास वर्षांचे ३६५ प्रमाणें १८,२५० दिवस. १६३२ पासून १६७६ पर्यंत लीप वर्षें बारा, त्यांचे बारा दिवस. १९ फेब्रुवारी ते ३ एप्रिल १६८० चे चव्वेचाळीस. पहिला दिवस सोडावा, शेवटचा धरावा. एकूण १८,३०६. सातांनीं भागतां बाकी एक उरते. शुक्रवारचा पुढचा शनिवार. आणि निधनाचा दिवस चैत्र शुद्ध पौर्णिमा, शनिवार, असाच नमूद आहे. एक तारीख जुनी व दुसरी नवी घेतली असती, तर दहा दिवसांचा फरक पडून वार तीन घरें सरकला असता आणि चूक तत्काळ उघडी पडली असती.

आतां राज्याभिषेक. ६ जून १६७४ पासून ३ एप्रिल १६८० पर्यंत २,१२८ दिवस होतात, म्हणजे बरोबर ३०४ आठवडे. बाकी शून्य, तेव्हां राज्याभिषेकाचाही शनिवारच! हें गणित सुटलें तेव्हां मला समाधान वाटलें. तें फार टिकलें नाहीं. पडताळा पुरा करावा म्हणून शकावली काढली, तों तेथें शुक्रवार होता. रात्र तीन घटका उरली असतां महाराज सिंहासनीं बसले, असें तेथें नमूद आहे.

तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटें. इंग्रजी दिवस मध्यरात्रीं बदलतो, आपला सूर्योदयीं. त्या पहांटे इंग्रजांचा शनिवार लागून कित्येक तास झाले होते. रायगडावर मात्र सूर्य उगवावयाचा होता, म्हणून शुक्रवारच होता. द्वादशी शुक्रवारीं दिवसांच संपली होती, म्हणून तिथि त्रयोदशी. म्हणजे मुलाची तिथि बरोबर होती आणि वारही बरोबर होता. माझी तारीख बरोबर होती आणि वारही बरोबर होता. चूक होती ती फक्त तांबड्या रेघेची.

मीं दिवस मोजले, पण दिवस कोठें सुरू होतो हें विचारलें नाहीं. गणित बिनचूक असूनही न्याय चुकला तो एवढ्यामुळें. जुन्या तारखा जुळविणाऱ्यानें आधीं हा प्रश्न विचारावा, मग बेरीज मांडावी. आणि आजोबांचें बोलणें खोडण्यापूर्वीं त्यांचें घड्याळ कोणतें, तें पाहावें.

तो मुलगा आतां प्रौढ गृहस्थ झाला असेल. पुन्हां भेटला नाहीं. तो ऐकत असेल तर त्याचा एक गुण मजकडे जमा आहे. तो मीं आज परत केला असें त्यानें समजावें.