युनिकॉर्नचं शिंग, नारव्हालचा दात

युनिकॉर्न म्हटलं की आज आपल्याला कोट्यवधींचे स्टार्टअप आठवतात, नाहीतर फोनमधला इमोजी. पण युरोपात काही शतकं लोक खरंच मानायचे की कपाळावर एकच पिळदार शिंग असलेला घोड्यासारखा प्राणी कुठेतरी आहे. आणि का मानणार नाहीत? शिंग तर डोळ्यांसमोर होतं! राजांच्या खजिन्यात होतं, चर्चमध्ये होतं, औषधं विकणाऱ्यांकडे होतं. फक्त ते शिंग नव्हतं, आणि घोड्याचं तर मुळीच नव्हतं.

तो होता नारव्हालचा सुळा. नारव्हाल म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात, मुख्यतः कॅनडा आणि ग्रीनलँडच्या आसपास राहणारा दात असलेला देवमासा. नराचा डावा वरचा दात ओठातून आरपार बाहेर येतो आणि पीळ घेत अडीच-तीन मीटरपर्यंत वाढतो. ग्रीनलँडमध्ये वस्ती केलेले नॉर्स लोक हे सुळे दक्षिणेकडे पाठवायचे. विकत घेणाऱ्याला मासा कधी दिसायचाच नाही, त्यामुळे गोष्ट खपली. या शिंगाने विष उतरतं असा समज होता, आणि विषप्रयोगाची धास्ती घेतलेल्या राजेलोकांना आणखी काय हवं?

१५७७ मध्ये मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी आजच्या कॅनडातल्या बॅफिन बेटाजवळ होता. त्याच्या माणसांना किनाऱ्यावर एक मेलेला नारव्हाल सापडला. खलाशांनी सुळ्याच्या पोकळीत कोळी टाकून बघितले. कोळी मेले, म्हणून शिंग अस्सल! असा तो प्रयोग. सुळा थेट राणी एलिझाबेथकडे गेला.

१६३८ मध्ये ओले वुर्म या डॅनिश डॉक्टरने कवटीला जोडलेला सुळा दाखवून सांगितलं, की हा समुद्रातल्या प्राण्याचा दात आहे. तरी मोह सुटला नाही. त्यानंतरच्या काही दशकांतच डेन्मार्कच्या राजाने नारव्हालच्या सुळ्यांचं सिंहासन करून घेतलं. १६७१ पासून राज्याभिषेकासाठी ते वापरलं गेलं, आणि आजही कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग किल्ल्यात बघायला मिळतं.

आता इथे एक फरक लक्षात घ्या. इन्युइट लोकांसाठी नारव्हाल म्हणजे दागिना नाही, अन्न आहे. त्याची कातडी आणि खालची चरबी यांना ते मक्ताक म्हणतात. त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं. जिथे भाजीपाला उगवत नाही तिथे पिढ्यानपिढ्या स्कर्व्ही टळली, त्यात मक्ताकचा मोठा वाटा. म्हणून आजही शिकारीची मुभा आहे, पण मर्यादेत. १९७९ पासून सुळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. २००४ मध्ये पश्चिम ग्रीनलँडमध्ये शिकारीचा कोटा ठरला, आणि २००६ मध्ये ग्रीनलँडने सुळ्यांची निर्यात थांबवली.

मग नारव्हाल वाचला का? आययूसीएनच्या यादीत २००८ साली तो ‘धोक्याच्या जवळ’ होता. २०१७ मध्ये तो ‘सर्वांत कमी चिंता’ या गटात गेला. एकूण संख्या सुमारे १ लाख ७० हजार. वाचून बरं वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण ही सगळ्या समुद्रांची मिळून बेरीज आहे. नारव्हालचे कळप वेगवेगळे असतात, दरवर्षी त्याच त्या खाड्यांत परततात. पूर्व ग्रीनलँडमधले कळप इतके आटले आहेत, की शास्त्रज्ञांनी तिथे एकही नारव्हाल मारू नका असा सल्ला दिला. तरी तिथल्या सरकारने कोटा दिलाच. तिथला नारव्हाल संपला, तर कॅनडातले हजारो नारव्हाल ती जागा भरायला येतील असं नाही.

शिवाय आजचा मोठा धोका भाला घेऊन येत नाही. हिवाळ्यात नारव्हाल दाट बर्फाखाली राहतो, दीड हजार मीटरहून खोल बुडी मारतो, आणि श्वास घ्यायला बर्फातल्या भेगांमध्ये वर येतो. हे गणित बर्फाच्या वेळापत्रकावर चालतं. वेळापत्रक बिघडलं की भेगा अचानक बंद होऊ शकतात. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या पाँड इनलेटजवळ सहाशेहून जास्त नारव्हाल असे अडकले. ते वाचणार नाहीत हे दिसल्यावर स्थानिक शिकाऱ्यांनी त्यांना मारलं. दुसरीकडे, बर्फ कमी झाला की ओर्का आत शिरतात. ओर्का आसपास असेपर्यंत नारव्हाल खोल पाणी सोडून किनाऱ्याला चिकटून राहतात.

आणि तिसरा धोका आवाजाचा. नारव्हाल अंधारात प्रतिध्वनीवरून वाट आणि शिकार शोधतो. पाँड इनलेटजवळच्याच समुद्रातून २०१५ पासून मेरी रिव्हर खाणीचं लोहखनिज जहाजांनी जाऊ लागलं. नंतरच्या मोजणीत तिथले नारव्हाल बरेच कमी भरले. किती गेले आणि किती शेजारच्या खाडीत सरकले, यावर वाद आहे. २०२१ मध्ये इन्युइट शिकाऱ्यांनी खाणीची वाट अडवली. २०२२ मध्ये कॅनडा सरकारने खाणीचा मोठा विस्तार नाकारला. म्हणजे ज्यांना जग ‘शिकारी’ म्हणतं, तेच नारव्हालसाठी रस्त्यावर उतरले. कारण नारव्हाल गेला तर त्यांच्या ताटातलं अन्न जातं.

‘थोडे मत्स्यालयात ठेवू, जपू’ असंही म्हणता येत नाही. १९७० मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयात आणलेले सहाही नारव्हाल त्याच वर्षी मेले. म्हणजे बॅकअप नाही. तो समुद्र राहिला तरच नारव्हाल राहणार.

पूर्वी लोकांनी दात बघितला, प्राणी बघितलाच नाही. आज आकडा बघून तसंच होऊ शकतं. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या प्राण्यापुढे ‘सर्वांत कमी चिंता’ असं वाचलंत, तर लगेच स्क्रोल करू नका. कुठल्या समुद्रातला, कुठला कळप, एवढं विचारा. भेटू पुढच्या भागात!