हिरवा रंग आणि एक विकर

1934 साली ऑस्लोत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉ. आस्ब्यॉर्न फॉलिंग यांच्याकडे आली. मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो, हे तिचं म्हणणं तोवर कुणी मनावर घेतलं नव्हतं. फॉलिंगनी घेतलं. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. एरवी लघवीत या चाचणीला तांबूस तपकिरी रंग येतो. इथे गडद हिरवा आला. औषधांचा परिणाम असेल म्हणून ती आठवडाभर बंद करायला लावली, तरी हिरवाच. मग त्या माउलीने लिटरच्या लिटर लघवी आणून दिली आणि फॉलिंगनी त्यातून फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं काढलं.

मूळ दोष यकृतात होता. अन्नातल्या प्रथिनांमधून मिळणाऱ्या फिनाइलअ‍ॅलनीन या अमिनो आम्लाचं टायरोसीन करणारं विकर या मुलांत काम करत नाही. हे अमिनो आम्ल रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं.

त्या दोन मुलांना या शोधाचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट आजही जिव्हारी लागते.

1950च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेल यांनी हाच दोष असलेल्या एका चिमुकलीसाठी फिनाइलअ‍ॅलनीन जवळजवळ काढून टाकलेला आहार तयार केला. मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली. पण हा आहार मेंदू बिघडण्याआधीच सुरू व्हायला हवा. त्यासाठी दोष जन्मताच ओळखता यावा म्हणून रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताचा टिपकागदावरचा ठिपका पुरेसा ठरवला. 1963 पासून मॅसॅच्युसेट्सने नवजातांची ही तपासणी कायद्याने सक्तीची केली.