सहा सिलिंडर म्हणजे नेमकी किती ताकद?

इंजिनाची ताकद मोजायची कशी, हा प्रश्न तुम्हाला प्रयोगशाळेतला वाटेल. मालगुंड-वरवड्याच्या किनाऱ्यालगत छोट्या होडीतून जाळं टाकणाऱ्यांसाठी मात्र तो पोटाचा प्रश्न आहे.

थोडं मागे जाऊ. 1970च्या दशकात निर्यातीच्या कोळंबीला चांगला भाव होता, आणि ती सापडते उथळ पाण्यात. ट्रॉलर तिथे शिरले आणि किनाऱ्याकिनाऱ्यावर भांडणं पेटली. केंद्राने 1979 मध्ये नमुना कायदा राज्यांकडे पाठवला. गोवा आणि केरळने 1980 मध्ये कायदे केले, महाराष्ट्राने 1981 मध्ये. आपल्याकडच्या आदेशांत ट्रॉलरना खोलीची मर्यादा घातली, कुठे 5 वाव, कुठे 10 वाव (10 वाव म्हणजे साधारण 18 मीटर). शिवाय सहापेक्षा जास्त सिलिंडरच्या इंजिनांना राज्याच्या सागरी हद्दीत, म्हणजे 12 सागरी मैलांत, बंदी.

सिलिंडरच का? माझा तर्क असा, की ते बंदरावर उभं राहून मोजता येतात. अश्वशक्ती मोजायला यंत्र लागतं.

पण सिलिंडरची संख्या म्हणजे ताकद नव्हे. ताकद ठरते सिलिंडरचं एकूण आकारमान, आतला सरासरी दाब आणि फेरे यांच्या गुणाकारावर. साडेसहा लिटरचं, टर्बो नसलेलं जुनं इंजिन घ्या: शंभरेक अश्वशक्ती. बारा लिटरचं टर्बो इंजिन घ्या: चारशे. सिलिंडर दोन्हीकडे सहाच!

आता तुम्ही म्हणाल, मोठं इंजिन म्हणजे नुसता वेग. तसं नाही. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्यातली लांबी 30 फूट असेल तर सातेक नॉटच्या पुढे इंधन जळतं, वेग फारसा वाढत नाही. जास्तीची ताकद खरी कामाला येते ती जाळं ओढताना. ट्रॉलिंग संथच चालतं, तीन-चार नॉटने. तोच वेग ठेवून ताकद चौपट केली, तर ढोबळमानाने चौपट मोठ्या तोंडाचं जाळं ओढता येतं. 1981 मध्ये ज्या भीतीने नियम केला तीच गोष्ट, नियम न मोडता.

मग थेट अश्वशक्तीच लिहावी की! युरोपात तसं केलंय. उत्तर समुद्रात किनाऱ्यापासून 12 मैलांत 221 किलोवॅटहून (300 अश्वशक्ती) जास्त ताकदीच्या बीम ट्रॉलरना मनाई आहे. तिथे काय झालं? इंधनाचा पुरवठा कमी करून इंजिन कागदावर 221चं करायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, आणि समुद्रात गेल्यावर पुन्हा खुलं करायचं. 2019 मध्ये युरोपीय आयोगाने करून घेतलेल्या पाहणीतही हे प्रकार आढळले.

जाळ्याच्या तोंडाच्या दोराची लांबी मात्र बंदरावर साध्या टेपनेही मोजता येते.