सिंध : मुंबई इलाख्याचा एक विसरलेला प्रांत

१८४३ साली मियाणीच्या रणांगणावर तालपूर मीरांचा पराभव करून सर चार्ल्स नेपियरने काबीज केलेला सिंध १८४७ मध्ये मुंबई इलाख्यास जोडला गेला, आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो विभक्त होईपर्यंत कराची व पुणे ही शहरे एकाच सरकारच्या अमलाखाली होती, याचे स्मरण आज आपल्याकडे फार थोड्यांना उरले आहे.

या प्रांतातील बहुसंख्य प्रजा मुसलमान आणि मीरही मुसलमान. तथापि त्यांच्या दरबारातील दफ्तर, जमाबंदी व फारसी पत्रव्यवहार ही कामे मुख्यत्वे आमिल म्हणविणाऱ्या हिंदू मुत्सद्द्यांच्या हाती असत. शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) या सूफी कवीने ज्यांच्या मुखाने ईश्वरविरहाची व्याकुळता गायिली, त्या ससुई आणि मारुई सिंधच्या लोककथांतल्याच स्त्रिया होत, आणि त्याचा ‘रिसालो’ दोन्ही धर्मांच्या सिंधी जनांनी पिढ्यान्‌पिढ्या कंठस्थ केला. उडेरोलाल येथे तर एकाच तटबंदीत दर्गा व मंदिर नांदतात; हिंदू ज्याला झूलेलाल म्हणून भजतात, त्यालाच मुसलमान शेख ताहिर मानतात. माझ्या मते सिंधचे खरे वैभव ठठ्ठ्याच्या शाहजहानी मशिदीच्या निळ्या नक्षीपेक्षाही या सहजीवनात आहे.

फाळणीनंतर सिंधी हिंदू मोठ्या संख्येने निर्वासित झाले, आणि कल्याणनजीकच्या ज्या लष्करी छावणीत त्यांतील हजारोंना आश्रय मिळाला, तिचेच १९४९ मध्ये उल्हासनगर झाले.