अफूजन्य व्यसन
अफू, तिच्यापासून मिळणारे मॉर्फिन व हेरॉइन आणि ट्रामाडॉलसारख्या कृत्रिम वेदनाशामकांची शारीरिक-मानसिक चटक. मात्रा वाढत जाते. नशा तुटली की अंग ठणकते, जुलाब लागतात, झोप उडते. अतिमात्रेने श्वास मंदावून मृत्यू ओढवतो. नॅलोक्सोन हा त्यावर उतारा. ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ने, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइनने, महाराष्ट्रातील कित्येक घरे पोखरली. तेव्हा डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधे, समुपदेशन आणि घरच्यांची साथ यांमुळे रुग्ण सावरू शकतो. मात्र व्यसनाच्या धास्तीने कर्करोगाने तळमळणाऱ्याला मॉर्फिन नाकारणे ही क्रूरताच होय. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन रुग्णालयांना मॉर्फिन मिळवणे सुलभ झाले.