बीटामॅक्स का हरला?

परवा आईसाठी फोन घ्यायचा होता. मी नेहमीप्रमाणे एक्सेल शीट उघडून बसलो. प्रोसेसर, रॅम, कॅमेरा.. चौदा कॉलम झाले. आईने एकच विचारलं, "चार्जिंग दिवसभर टिकतं का, तेवढं सांग." तो कॉलम होता शेवटून दुसरा!

आम्हा इंजिनिअर लोकांची एक लाडकी रडकथा आहे. बीटामॅक्स सरस होता, तरी व्हीएचएस जिंकला, कारण गिऱ्हाईकाला अक्कल नसते. कॉलेजात मीही ती चवीने ऐकवलीय. पण नीट वाचलं तर गोष्ट जरा वेगळी निघते.

सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणला. चित्र सुरेख, कॅसेट आटोपशीर. पण एका कॅसेटवर रेकॉर्डिंग फक्त एक तासाचं. पुढच्याच वर्षी जेव्हीसीचा व्हीएचएस आला. कॅसेट मोठी, बोजड, पण दोन तासांची. आता टायमर लावून बाहेर गेलेल्या माणसाचा विचार करा. घरी येऊन बघतो तर अर्धाच सिनेमा टेप झालेला! चित्र कितीही सुरेख असो, शेवटच नसेल तर काय उपयोग? १९७७ मध्ये तर अमेरिकेत आरसीएने चार तास रेकॉर्ड करणारं व्हीएचएस मशीन विकायला काढलं. तिथली फुटबॉल मॅच तीन तास चालते, ती आरामात मावली.

सोनीनेही मग टेपचा वेग निम्मा करून दोन तास बसवले. पण वेग कमी केला की चित्र उतरतं. म्हणजे ज्याचा अभिमान, तेच खर्ची पडलं. साध्या घरगुती टीव्हीवर मग फरक दिसणार तो किती?

शिवाय जेव्हीसीने मात्सुशिता, हिताची, शार्प, मित्सुबिशी अशा कंपन्यांना सोबत घेतलं. सोनीकडे तोशिबा, सान्यो होते, पण पारडं तिकडे झुकलं. ज्याची मशीन जास्त घरांत, त्याच्या कॅसेट दुकानात जास्त.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आले, त्यामागोमाग व्हीसीआर. बाबा सांगतात, वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि लागोपाठ तीन सिनेमे बघायचे. मी विचारलं, "बीटामॅक्स की व्हीएचएस?" बाबा म्हणाले, "आम्हाला काय ठाऊक! दुकानदाराने दिलेली कॅसेट मशीनमध्ये गेली की झालं."

१९८८ मध्ये सोनीनेच व्हीएचएस मशीन बनवायला सुरुवात केली. बीटामॅक्सची मशीन २००२ मध्ये बंद झाली, कॅसेट २०१६ मध्ये.

गंमत पुढेच आहे. त्याच आकाराची कॅसेट कितीतरी जास्त वेगाने फिरवून सोनीने १९८२ मध्ये बीटाकॅम काढला. टेप जेमतेम अर्धा तास पुरायची. पण बातमीदाराला तेवढी पुष्कळ, त्याला चित्र लख्ख हवं होतं. टीव्हीवाल्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. म्हणजे घरातल्याची गरज एक, बातमीदाराची दुसरी. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच निवडलं.

असो. आईला मोठ्या बॅटरीचा फोन घेतला. कॅमेरा किती मेगापिक्सेल ते तिने अजून विचारलेलं नाही :) आणि ऑफिसात "युजरला काही कळत नाही" हे माझं आवडतं वाक्य आता जरा जपून वापरीन म्हणतो.